कपलर उघडण्याआधी

या पावसाळ्यापासून गाड्यांच्या वायरिंगच्या कपलरमधल्या पिना मी तपासत नाही, माझी भाची तपासते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली आहेत. मनगटातली नस दबली आहे, असं डॉक्टर सांगतात. पाना धरता येतो, बोल्ट सुटतो, वायर सोलता येते. गेलं ते एवढंच: मादी पिनेत नर पिन सरकवताना जो किंचित अडकाव लागतो, तो आता मला कळत नाही. आणि कंपनीच्या अलार्मच्या कामात माझं सगळं नाव त्या अडकावावर उभं होतं.

रत्नागिरीत अलार्मच्या तक्रारी बारा महिने येतात, पण भाद्रपदात रीघ लागते. चाकरमान्यांच्या गाड्या मुंबई-गोवा महामार्गावरून हादरे खात येतात, गावी फणसाखाली पावसात उभ्या राहतात आणि पहाटे सगळी वाडी उठवतात. सकाळी मालक तारवटलेल्या डोळ्यांनी गाडी घेऊन येतो, तेव्हा गाडी अगदी शहाणी. लॉक करा, दारं आपटा, बॉनेट दाबून बघा, सायरन तोंड उघडत नाही.

बॅटरी उतरलेली असली, दाराच्या लॉकमधला स्विच गेला असला, उंदरानं हार्नेस कुरतडला असला, तर त्यात फार डोकं लावावं लागत नाही. ज्या सायरनच्या पोटात स्वतःची बॅटरी असते, तो मुख्य बॅटरीचा जोर पडला की कुणीतरी तार तोडली असं समजून ओरडतो, हेही या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला आयुष्यभर छळलं ते बॉनेटच्या स्विचनं. म्हणजे खरं तर त्याच्या कपलरनं.

पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळात दाराच्या खांबावर दट्ट्याचा स्विच असायचा. दार उघडलं की तो आतल्या दिव्याला अर्थिंग द्यायचा. दहा वॅटचा दिवा म्हटला तर पाऊण अँपिअरहून जास्त करंट त्या स्विचमधून जायचा, आणि उघडझाप होताना जी बारीक ठिणगी पडायची तीच त्याचा कळंक जाळून टाकायची. स्विच स्वतःला घासूनपुसून ठेवायचा. आता दिवा पेटवायचं काम बीसीएम, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, करतं. स्विचनं फक्त हो किंवा नाही सांगायचं, त्यासाठी त्याच्यातून काही मिलिअँपिअर करंट जातो. एवढ्याशा करंटला धातूवर चढलेला पातळ पापुद्रा भेदता येत नाही. पिनेवर कथलाचा मुलामा असतो. खड्ड्यांत ती पिन केसाएवढी मागंपुढं घासत राहते, मुलाम्याची काळी पूड होते, ती पूड सांध्यात बसते. त्यात भाट्ये, मिऱ्याकडची खारी हवा. दिवसा इंजिनाच्या उबेनं सगळं कोरडं असतं. पहाटे पत्रा गार पडतो, दव धरतं, सांध्यातला रोध चढत जातो, आणि बॉनेट बंद असूनही बीसीएमला ते उघडलं असं वाटतं.

हे कळायला अवघड नाही. अवघड आहे ते पकडणं. कपलर उघडून बघितला की पिन पिनेवरून सरकते, पापुद्रा खरवडला जातो आणि बिघाड नाहीसा होतो. बल्बचा टेस्टर लावला, तर बल्बचा करंट तो जाळतो. जे बघायचं ते बघायला गेलं की पुसलं जातं. म्हणून या कामात इतकी माणसं प्रामाणिकपणे फसतात. स्विच बदलतात, बदलताना कपलर निघतो आणि परत बसतो, गाडी काही आठवडे शांत राहते, दोष स्विचचाच होता असं सगळ्यांना वाटतं. मग एक ओली रात्र येते आणि नवा कोरा स्विच असलेली गाडी पुन्हा ओरडते.

माझी बोटं इथं कामाला यायची. कपलर उघडल्यावर पापुद्रा गेला तरी पिनेचा सैलपणा जात नाही. मादी पिनेच्या आतली पात पसरली असेल, तर नर पिन आत जाताना काहीच बोलत नाही. नीट पिन जाताना आणि येताना एक घट्ट, सलग ओढ लागते. हे मला डोळे मिटून कळायचं, आणि कळतं याचा मला फार गर्व होता. पिना तपासताना मी गिऱ्हाइकाला जवळ उभं करायचो आणि बाकीच्यांना लांब. भाची गॅरेजात आली तेव्हा पहिली कितीतरी वर्षं मी तिला सगळं शिकवलं, हे सोडून. हे शिकवता येत नाही, असं मी तिला सांगायचो. शिकवलं असतं तर ते माझं एकट्याचं राहिलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. काढून टाकलेल्या सैल पिना मी बिस्किटाच्या डब्यात जमवत आलो. चिपळूण-राजापूरकडून कुणी नावाजलेला मिस्त्री आला की तो डबा मी हटकून बाहेर काढायचो.

पिना सैल का होतात, याबद्दल माझं मत कडक आहे. अर्ध्याहून जास्त वेळा माणसानंच त्या पसरवलेल्या असतात. मीटरचा जाडा प्रोब समोरून मादी पिनेत खुपसायचा, रीडिंग घ्यायचं आणि कपलर लावून मोकळं व्हायचं. पात एकदा फाकली की फाकली. यात रस्त्याकडेचे मिस्त्री आहेत तसे एसी शोरूममधलेही आहेत. वायरिंगची वाट लावणारी दुसरी जात अॅक्सेसरीवाल्यांची. कॅमेरा बसवायचा म्हणून कंपनीची वायर मध्येच सोलतात, काळी टेप गुंडाळतात, आणि आपण काय करून ठेवलं हे त्यांना कधीच कळत नाही, कारण गाडी त्यांच्याकडे परत येत नाही. तिसरे सगळ्यांत वाईट: सायरनची वायर कापून पैसे घेणारे. मालकाला झोप मिळते, वाडीला झोप मिळते, आणि गाडी उघडी पडते. मी असं काम कधी केलं नाही. गिऱ्हाईक हात जोडून म्हणालं तरी नाही.

स्कॅनरवर मात्र माझा राग नाही. जुने लोक त्याला नावं ठेवतात. यंदा पावसजवळच्या एका घरची गाडी आली, ठाण्याची, तिचा स्विच आधी कुठंतरी बदललेला. भाचीनं स्कॅनर लावला. शेवटचे अलार्म कशानं वाजले हे त्या गाडीच्या बीसीएममध्ये साठलेलं होतं: बॉनेट, बॉनेट, बॉनेट. स्कॅनर खरंच बोलत होता. बॉनेटच्या वाटेवर नेमकं कुठं, हे सांगणं त्याचं काम नाही.

मी सवयीनं कपलरकडे हात नेला. भाची म्हणाली, "मामा, थांब. तू उघडून काय करणार? तुला आता कळणार नाही."

ती खरं बोलली. मला ते लागलं. पण त्या एका वाक्यानं आम्ही जे केलं ते मी बोटं धडधाकट असताना कधी केलं नव्हतं, कारण गरजच पडली नव्हती. गाडी गॅरेजात न ठेवता आम्ही ती मालकाच्या घरी, रात्री ती उभी राहते त्याच फणसाखाली नेली. कपलर न उघडता मागच्या बाजूनं, वायरच्या रबरी बुचाला लागून, दोन बारीक सुया सरकवल्या: एकाच सांध्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. तारा जाळीतून खाली काढल्या, मीटर मॅक्सवर ठेवून पडवीत आणला. त्या गाडीत बॉनेट बंद असताना स्विच मिटलेला असतो, म्हणजे सांधा चांगला असेल तर सुयांमध्ये काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. गाडी झोपल्यावरही बीसीएम अधूनमधून स्विच चाचपतं, त्यामुळे आकडा उड्या मारतो, म्हणून मॅक्स.

संध्याकाळी दिसले ते मिलिव्होल्टच. मध्यरात्रीपर्यंत पावसाची रिपरिप, आकडा तसाच. पाऊस थांबून आभाळ निवळलं आणि गारवा सुटला तसा तो चढू लागला. घरातली म्हातारी चहा घेऊन आली तेव्हा तो व्होल्टाच्या वर होता. सायरन वाजला तेव्हा आम्ही दोघं मीटरकडेच बघत होतो. इतक्या वर्षांत या बिघाडाला मी घडताना पहिल्यांदा बघितलं. तोवर मी नेहमी तो होऊन गेल्यावर पोचलो होतो, आणि बोटांच्या जोरावर तो काय असेल ते सांगत आलो होतो. आनंद झाला, आणि त्याबरोबर भाचीचा हेवाही वाटला. ती या वयात हे बघतेय.

उजाडल्यावर तिनं कपलर उघडला, नर पिन घालून बघितली आणि मान हलवली. मी घालून बघितली. मला काही कळलं नाही. नवी पिन क्रिम्प करून बसवली. सोल्डर केली नाही, सोल्डरनं वायर तिथं ताठ होते आणि हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते.

परतताना तिनं विचारलं, ओढ किती लागली म्हणजे पुरे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं एका नर पिनेला बारीक नट चिकटवला, मादी पिनेत ती पिन घालून कपलर उलटा धरला. पिन वजन धरून राहिली तर चांगली, सुटून पडली तर सैल. पहिल्यांदा मला ते आवडलं नाही. माझ्या बोटांचं सगळं एका नटात मावावं हे मनाला पटायला वेळ लागला. मग मी बिस्किटाचा डबा काढला. त्यातली एकेक पिन मी बोटं शाबूत असताना नापास केलेली आहे, तेव्हा तिचा नट त्या सगळ्या पिनांमधून सुटला पाहिजे आणि नव्या पिनांमध्ये टिकला पाहिजे. ०.६४ आणि १.५ मिलिमीटरच्या पिनांना वजनं ठरली. २.८ मिलिमीटरवर आमचं अजून जमलेलं नाही: तिनं घेतलेल्या नटाला डब्यातल्या चार पिना धरून ठेवतात, आणि त्या पिना सैल आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिला नट जड करावा लागेल.