श्टुटगार्टची दोनदारी

मैत्रिणींनो, श्टुटगार्टला धाकट्या दिरांकडे गेले, तर दारात १९८९ ची मर्सिडीज कूपे! दोनच दारं, खिडक्यांमध्ये खांब नाही. बसलं की मागून एक दांडी पट्टा पुढे आणून देते; घरच्या पुरुषांनी शिकण्यासारखं! पण तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं चाकांवरचा पत्रा गंजलेला. जाऊबाईचे नव्या ओट्याचे पैसे त्यातच गेले. जर्मनीत तीस वर्षांची गाडी मूळ रूपात जपली, तर नंबरप्लेटवर 'एच' अक्षर मिळतं. म्हणून हाताला येईल ते बसवायचं नाही. जुन्या मर्सिडीजसाठी कंपनीचंच केंद्र १९९३ पासून शेजारच्या फेलबाखला आहे. भावजी सारखे तिथेच!

रविवारी सगळे फिरायला निघालो. रुसलेली जाऊ पुढेच बसली. काच खाली करत म्हणाली, "वहिनी, ओट्याचं मी विसरले नाही हं!"