२१ दिवसांचा हिशोब

आमच्या निरगुडसरात पूर्वी गाय माजावर आली की माणसाआधी वळूला कळायचं. गावाचा वळू मोकळा फिरायचा, त्याचं तो बघून घ्यायचा. पुढं डिंभ्याचं पाणी आलं, ऊस वाढला, दावणीची बैलजोडी गेली न् तिथं होस्टन गाया आल्या. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला 'बाएफ' काढली, संकरित गाईचं काम तिथनं लांबवर पोचलं. आता वळूचं बीज उणे १९६ अंशाच्या टाकीत गोठून दारात येतं. वळू गेला, माज ओळखायचं काम माणसाच्या गळ्यात पडलं.

आमच्यात ते काम मालकिणीचं. पहाटे शेण काढता काढता ती बघते. गाय हंबरती का, बळस टाकलाय का, दुसरी अंगावर चढली तर गप उभी राहती का. माज बारा ते अठरा तासांचा. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी बीज सुटतं. ती वेळ हुकली की पुढच्या माजापातुर २१ दिवस थांबा.

आमची एक गाय तीनदा उलटली. दूध चांगलं, पण धरंना. दलाल दारात आला, म्हणला, "ही आता वांझच धरा. चाकणच्या बाजारात काढून टाका." मी काही बोलायच्या आत मालकीण म्हणाली, "अहो, लग्नानंतर चार वर्षं माझी कूस उजवली नव्हती. तवा आत्याबाईंनी मला काढून टाकलं का?" दलाल उठला.

मग डॉक्टरांनी तपासली. त्यांनी समजावलं ते असं: गाईच्या बीजकोशावर पाण्याच्या फोडासारख्या पुटिका येतात. त्या लाटेनं येतात, एका पाळीत दोन किंवा तीन लाटा. बऱ्याच मिळून वाढायला लागतात, मग एक पुढं जाते न् बाकीच्या जिरतात. शेवटच्या लाटेतली पिकून फुटते, तिच्यातनं बीज सुटतं. पण व्याल्यावर दूध झपाट्यानं चढतं, खाणं तेवढं चढत नाही. गाय अंगातलं काढून दूध देते. मग पुटिका नीट पिकत नाही, पिकली तर वेळेवर फुटत नाही. "ही वांझ नाही," डॉक्टर म्हणाले, "दमलेली आहे."

मुरघास, पेंड, खनिज मिश्रण सुरू केलं. मालकिणीनं कॅलेंडरवर कुंकवाची बोटं लावली. दुसऱ्या माजाला भरवली. एकविसावा दिवस गेला, बावीस, तेवीस, गाय गप रवंथ करत होती. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून सांगितलं, गाभण आहे.

दलाल पुन्हा आला होता. मालकिणीनं त्याला चहा दिला. त्याच गाईच्या दुधाचा.