काळी तार

घरांत दिवा लागला नाहीं म्हणजे आपण पहिला दोष दिव्याला देतों, दुसरा बटणाला आणि तिसरा वीज पुरविणाऱ्यांना. परंतु भिंतीवरील बोर्डाच्या मागें चारपांच काळ्या तारा एकत्र पिळून, वर टेप गुंडाळून, अंधारांत कोंबलेल्या असतात, त्या गांठीकडे कोणाचेंहि लक्ष जात नाहीं. माझें लक्ष तरी कां गेलें असतें? पण माझे चुलते कोल्हापुरांत परवानाधारक वायरमन होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असूं. शाळेंत असतांना तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या मीं त्यांची हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन पेठापेठांतून हिंडण्यांत घालविल्या, आणि वीज म्हणजे काय हें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं त्या गांठींत पाहिलें.

आपल्याकडील घरगुती कामांत तांबडी तार फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची, हें पुष्कळांस ठाऊक असतें. बटण नेहमीं तांबड्या तारेवर असावें लागतें. तें काळीवर बसविलें तरीहि दिवा विझतोच. पण होल्डर मात्र जिवंत राहतो, आणि बटण बंद केलें आहे या भरवंशावर दिवा बदलावयास स्टुलावर चढलेल्या माणसाचा घात होतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतहि न्यूट्रलवर एकटें बटण किंवा फ्यूज घालण्यास मनाई होती, ती याच जातीच्या धोक्यासाठीं. काळी तार कोठेंहि तुटतां कामा नये, हा त्यांतील अर्थ.

शाळेच्या पुस्तकांत या तारेस तटस्थ म्हटलेलें असतें. मला तें नांव कधींच पटलें नाहीं. जितका प्रवाह तांबड्या तारेंतून येतो तितकाच काळीतून परत जातो; मग ती तटस्थ कशी? कांहींची अशीहि समजूत असते कीं कोयनेहून आलेली वीज पुनः कोयनेस जाते. तसें नाहीं. गल्लीच्या तोंडाशीं खांबांवर जो ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याला आपण डीपी म्हणतों, तेथें आपल्या घरचें वर्तुळ पुरें होतें. तेथेंच न्यूट्रल जमिनीशीं जोडलेली असते, म्हणून काळ्या तारेवर एरवीं टेस्टर पेटत नाहीं. आणि टेस्टर पेटत नाहीं म्हणून लोक तिला गरीब समजतात.

आतां बोर्डामागची मौज पाहा. पंख्याला त्याचें बटण, दिव्याला त्याचें. प्रत्येक बटण आपापल्या उपकरणाचा भार वाहतें. परंतु परत जाणारी वाट सर्वांची एकच. दिवा, पंखा, ट्यूब, इस्त्रीचा सॉकेट, सर्वांच्या काळ्या तारा त्या एका गांठींत येतात आणि तेथून एकच तार माघारी जाते. एक बटण बिघडलें तर एक दिवा जातो. ती गांठ सैल झाली तर साऱ्या खोलीचें काम थांबतें. थांबलें तर बरेंच म्हणावयाचें, कारण न थांबतां ती तापत राहिली तर अधिक वाईट.

१९८८ च्या मे महिन्यांत मंगळवार पेठेंतील एका जुन्या घरीं आम्हांला असेंच बोलावणें आलें. माजघरांतील दिवा आणि पंखा दोन्ही बंद. शेजारच्या एका कॉलेजकुमारानें सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर घालून पाहिला होता, आणि दोन्हीकडे तो पेटला होता! "दोन फेज आल्या आहेत," असा त्याचा निकाल. बोर्ड उघडून काळी तार हातानें मोकळी करण्याच्या तो बेतांत होता. आप्पा उंबऱ्यावरूनच ओरडले, "हात काढ!" आणि चप्पल न काढतां थेट मेन स्विचकडे गेले.

दोन फेज आल्या नव्हत्या. गांठींतून माघारी जाणारी तार निखळली होती. दिव्याचें बटण चालूच होतें. तेव्हां तांबड्या तारेंतील वीज दिव्याच्या तंतूंतून पार होऊन काळ्या तारेच्या सुट्या टोंकापर्यंत येऊन वाट पाहत उभी होती. ज्या तारेला तो मुलगा मेलेली समजत होता तिच्यावर त्या क्षणीं २३० व्होल्टचा दाब होता.

बोर्ड खालीं उतरविल्यावर जें दिसलें तें मी विसरलों नाहीं. पूर्वीं कोणी तरी ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याची तार नुसती पिळून ठेविली होती. हे दोन धातू असे एकत्र बांधले म्हणजे सांधा हळूहळू गंजतो. शिवाय ॲल्युमिनियम मऊ, तें दाबाखालीं सरकतें. टेपचा कोळसा झाला होता, आणि लांकडी पेटीची मागची बाजू तपकिरी पडली होती. आप्पांनीं मला तेथेंच हिशेब करावयास लाविला. गांठींत अवघा १ ओहम विरोध उत्पन्न झाला, आणि इस्त्री व पंखा धरून ४ अँपिअर प्रवाह वाहिला, तर ४ गुणिलें ४ गुणिलें १, म्हणजे १६ वॅट उष्णता. रेडिओवाले डाग देण्यास जी लहान सोल्डरिंग आयर्न वापरतात ती बहुधा २५ वॅटची असते. त्या बोर्डाच्या खालीं सहा महिन्यांच्या मुलाची झोळी टांगलेली होती. हिशेब ऐकून त्याच्या आईनें कांहीं न बोलतां झोळी सोडली आणि दुसऱ्या खोलींत नेली.

आप्पांनीं जळका भाग कापून टाकला, नवी तांब्याची तार ओढली. वेष्टन सोलतांना आंतील एकहि बारीक तार कापली जाऊं नये याची ते फार काळजी घेत. चिनी मातीच्या कनेक्टरमध्यें टोंकें घालून पितळी स्क्रू आवळले. आणि मग प्रत्येक तार एकेक करून जोरानें ओढून पाहिली. गिऱ्हाईक बटणाच्या रंगाची चौकशी करी, या ओढून पाहण्याची कोणीं केलेली मला आठवत नाहीं.

अलीकडे फोनवरून चालणारीं बटणें आलीं आहेत. त्यांना स्वतःलाच अखंड वीज लागते, म्हणून बहुतेकांना बोर्डांत न्यूट्रल हवी असते, आणि जुने बोर्ड पुनः उघडले जात आहेत. जेथें सॉकेट आहे तेथें ती सांपडतेच. जिन्यांतल्या एकट्या बटणामागें मात्र पुष्कळदां दोनच तारा असतात. एक फेज येणारी, दुसरी तीच दिव्याकडे नेणारी. दुसरी काळी दिसली तरी ती न्यूट्रल नव्हे. अशा वेळीं कोणी हिरव्या तारेवर काम भागवितात; ती तुटली तर फ्रीजचें अंगच जिवंत व्हावयाचें. कोणी शेजारच्या सर्किटची न्यूट्रल उसनी घेतात. मग गेलेला व परतलेला प्रवाह जुळत नाहीं, आणि ३० मिलिअँपिअरच्या फरकावर तुटणारा आरसीसीबी वरचेवर पडूं लागतो. तो पडतो हें त्याचें शहाणपण. परंतु लोक त्यालाच काढून टाकतात!

गेल्या वर्षीं आमच्या जिन्याचें बटण बदलावयाचें होतें. एक तरुण वायरमन आला. त्यानें मेन बंद केला. त्यापूर्वीं टेस्टर जिवंत सॉकेटवर लावून तो ठीक आहे ना हें पाहिलें होतें. खोलींतल्या बोर्डांतून त्याच सर्किटची न्यूट्रल पाइपांतून ओढून आणली, स्प्रिंगच्या खटक्याचे नवे कनेक्टर लाविले, आणि प्रत्येक तार एकेक करून ओढून पाहिली. मी आंत जाऊन त्याच्यासाठीं चहा टाकावयास सांगितला.