रेषेबाहेरची दिवाळी

दिवाळीची सुट्टी लागली आणि नात साताऱ्याला आली, ती दप्तर घेऊनच. दप्तरात दोन वह्या. एकीत एक ते पन्नास अंक, दुसरीत मुळाक्षरं. प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत बाईंनी लाल पेनाने नमुना काढून दिलेला, खालच्या ओळी मोकळ्या. सुट्टी संपताना दोन्ही वह्या भरून आणायच्या, अशी सूचना पहिल्या पानावर चिकटवलेली. नात नुकतीच चार वर्षांची झाली आहे. चपला अजून उलट्यासुलट्या घालते. लेक म्हणाली, "आई, रोज दोन-दोन पानं करून घे तिच्याकडून, म्हणजे शेवटी धावपळ नको." ती वही चाळताना मला जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

चार वर्षांच्या मुलाच्या हाताकडे कोणी नीट पाहतं का? मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. मग एकेक करत ती टणक होतात आणि सगळी पुरी व्हायला दहा-बारा वर्षं जातात. चौथ्या वर्षी त्यांतली निम्मीशिम्मीच धरलेली असतात. असा कोवळा हात धरून पानभर 'क्ष' गिरवून घ्यायचा! केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकच्या मुलांना दप्तर नको आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको, असं स्वच्छ म्हटलेलं आहे. एनसीईआरटीने २०१९ साली पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी ज्या सूचना काढल्या, त्यांतही या वयाला तोंडी किंवा लेखी कसलीच परीक्षा नको, असं आहे. लिहून सगळं ठेवलेलं आहे.

वह्या कपाटावर ठेवल्या आणि घरात दिवाळीची कामं सुरू झाली. नातीसाठी म्हणून वेगळं काही आणलं नाही. घरात जे चाललं होतं, त्यातलाच तिच्या हाताला झेपेल असा तुकडा तिला दिला.

पहिलं काम पणत्यांचं. नव्या मातीच्या पणत्या तेल फार पितात, म्हणून वापरण्याआधी त्या पाण्यात भिजत घालतात. बादलीत पणती सोडली की बारीक बुडबुडे वर येतात. नातीने ते पाहिलं आणि बादलीशी ठाण मांडलं. एक पणती, दुसरी पणती, मग स्वतःच्या मनाने स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी. वाटी बुडाली, बुडबुड्यांची माळ काही निघाली नाही. मग चमचा, मग अंगणातला दगड. त्यांचंही काही नाही. शेवटी कुठून तरी विटेचा तुकडा आणून टाकला आणि भसाभसा बुडबुडे आले, तेव्हा तिने जी आरोळी ठोकली ती शेजारी ऐकू गेली. "वीट पण तहानली होती!" भाजलेल्या मातीला बारीक भोकं असतात, त्यातली हवा पाणी बाहेर ढकलतं, हे तिला कोणी सांगितलं नाही. सांगायची घाईही नव्हती.

शंकरपाळ्या कातायला दिल्या, चौकोन वाकडे निघाले, तळून सगळे सारखेच गोड लागले. कढईपासून तिला चार हात लांबच बसवलं होतं. फराळाच्या कामात मूल घ्यायचं तर तेवढं पथ्य हवंच.

खरी गंमत रांगोळीची. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी जाड कागदाला उदबत्तीने ओळीत भोकं पाडायची, कागद सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर ठेवायचा, वरून रांगोळी पसरून हात फिरवायचा आणि कागद अलगद उचलायचा. खाली ठिपके. चार ओळी, प्रत्येकीत चार. नातीने पहिल्यांदा कागद उचलला तेव्हा तिचा विश्वासच बसेना. तिने कागद उलटा करून पाहिला, भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवला. त्या दिवशी तिने अंगणभर ठिपकेच काढले. रेघ एकही नाही.

दुसऱ्या दिवशी रेघ. तिने मूठभर रांगोळी घेतली आणि सोडली, तर ढीगच पडला. फुंकर मारून तो उडवला, पुन्हा मूठ, पुन्हा ढीग. कोणीतरी "अशी नाही गं" म्हणायला पुढे झालं, त्याला थांबवलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूट धरायची, बोटं किंचित घासायची, हात पुढे न्यायचा. थोड्या वेळाने तिची मूठ लहान झाली. मग तीन बोटं उरली. मग चिमूट आली. पहिली रेघ पहिल्या ठिपक्यापासून निघाली, दुसऱ्याला चुकवून बाजूने गेली, पण रेघ होती. पाडव्यापर्यंत चार ठिपके जोडून चौकोन व्हायला लागला, आणि एक दिवस चौकोनात चौकोन. पेन्सिल धरायला जी बोटं लागतात ती हीच. फरक एवढाच की रांगोळी चुकली तर हाताने पुसायची आणि पुन्हा काढायची. तिथे लाल शेरा नसतो.

हे काही नवं ज्ञान नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून शंख-शिंपले, बिया, पानं, मणी यांतूनच मुलांना मोजायला, वर्गवारी करायला शिकवलं. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं, तिथल्या आदिवासी मुलांत अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर केलं. ज्या महाराष्ट्रात हे झालं, तिथल्याच शाळेतून चार वर्षांच्या मुलीला पन्नासपर्यंतची वही यावी, याचं वाईट वाटतं.

किल्ला तर साताऱ्यात करायलाच हवा. मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. विटा रचल्या, चिखलात बुडवलेलं गोणपाट वर पसरलं, धनत्रयोदशीला त्यावर हळीव टाकले. पाडव्याला हिरवं लुसलुशीत गवत. आधी हळीव वाटीत भिजवले होते, ते बुळबुळीत झाल्यावर नातीने बोट घालून "शी" म्हणून पुन्हा घातलं. किल्ल्यावर मावळे, तोफ, सिंहासनावर महाराज, सगळं बाजारातून आलं. पण तिचं एक म्हणणं होतं: किल्ल्यावर टॉवर पाहिजे. अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा टॉवर आहे, तो तिने पाहिला होता. मोठ्यांनी समजावलं की शिवाजी महाराजांच्या काळात टॉवर नव्हता. ती हटली नाही. खराट्याची काडी रोवली गेली. तिने जे डोळ्यांनी पाहिलं तेच केलं, आणि मला ते पटलं.

पण वह्या काही कपाटावर राहिल्या नाहीत. भाऊबीजेनंतर नातीनेच त्या मागितल्या. "बाई रागावतील." चार वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे वाक्य यावं? ती बसली, मान खाली घालून, जीभ दातात धरून. 'तीन'चं पान करताना रडली. लेकीने पुसून दिलं, ती पुन्हा बसली. चौकोन-चौकोन काढून सैल झालेली बोटं पेन्सिल बरी धरत होती, हेही खरं. मला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच राग आला.

शाळा सुरू झाल्यावर वही परत आली. शेरा होता: "अक्षर रेषेबाहेर जाते. घरी सराव घ्यावा." कोण रेषेबाहेर जातं? चार वर्षांचं मूल रेषेबाहेरच जातं. तोच शेरा लेकीने पालकसभेत मांडला. बाई शांतपणे म्हणाल्या, आम्हाला हौस नाही, पालकच मागतात. वही दिली नाही तर शाळेत काही शिकवत नाहीत म्हणतात. तेवढ्यात एक वडील उठले आणि म्हणाले, शेजारच्या शाळेतली मुलं नाव लिहितात, आमचं पोर मागे पडलं तर पहिलीला प्रवेश कोण देणार? निम्मी सभा माना डोलावत होती. लेकीने फोनवर हे सांगितलं, तेव्हा बाईंवरचा माझा राग जरा ढिला पडला. त्या तरुण आहेत, वर्गभर मुलं एकटीने सांभाळतात. पण त्या वडिलांचंही खोटं कसं म्हणावं? भीती खरी आहे. फक्त तिचं ओझं चुकीच्या मनगटावर पडतं.

घरी आईबापांनी एवढंच करावं: सण आला की मुलाला त्याच्या कामात घ्यावं, वेळ जास्त लागेल तो लागू द्यावा. संक्रांतीला पांढरे आणि काळे तीळ एका ताटात मिसळून वेगळे करायला द्यावेत, होळीला पळसाची फुलं मिळाली तर पाण्यात उकळून रंग काढून दाखवावा. मुलाच्या प्रत्येक हालचालीला "काय शिकलास?" मात्र विचारू नये.

नाताळच्या सुट्टीला पुन्हा वही येणार आहे. लेकीने बाईंना विचारून ठेवलंय, अर्धी पानं लिहून, उरलेल्या पानांवर मुलीने घरी केलेल्या गोष्टींची चित्रं चिकटवली तर चालेल का? बाई म्हणाल्या, बघते, मुख्याध्यापकांना विचारते.