राजाच्या पुतळ्याची ४२,०८८ काडतुसे

आजोबा परसात मासेमारीच्या जाळ्यासाठी शिसे ओतायला बसले की आम्हां मुलांना दूर पिटाळीत. "धूर वाईट असतो," एवढेच सांगत. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. साध्या चुलीवरही ते जमते. म्हणूनच बंदुकीची गोळी एके काळी घरोघरी ओतली जाई.

९ जुलै १७७६. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी सैन्यापुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि जमावाने राजा तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा खाली ओढला. वर सोन्याचा मुलामा, आत शिसे! त्याचे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफील्ड गावी, ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी पोहोचले. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत हे गृहस्थ आहेत. मला मात्र त्यांची हिशेबाची नोंद अधिक मोलाची वाटते. रूथ मार्विन ११,५९२ काडतुसे. कन्या मेरी ॲन १०,७९०, लॉरा ८,३७८. मुलगा फ्रेडरिक ९३६. सगळी मिळून ४२,०८८.

साचा मिटायचा, पळीने रस ओतायचा, थिजला की साचा उघडून गोळी झटकायची, तोंडाशी राहिलेला दांडा कापायचा. मग ती दारूसह कागदात गुंडाळायची. पुन्हा साचा मिटायचा.

शाळेत असताना ही नोंद मी केवळ पराक्रम म्हणून वाचली होती. आता वये पाहतो. पुतळा पडला तेव्हा मेरी ॲन ११ वर्षांची होती, फ्रेडरिक ८ वर्षांचा. नोंदीत आकडे अगदी चोख आहेत. धुराविषयी एक अक्षर नाही.