बरोबर कोण आहे?

दिवाळीला परदेशातल्या मुलाबाळांचे फोन येऊ लागले, की आमच्या करी रोडच्या चाळीत एक वार्षिक स्पर्धा सुरू होते. पूर्वी ती कंदिलांची असे. आता कोणत्या देशातली दवापाण्याची सोय सर्वांत चांगली, यावर ती रंगते. आमची वयेच अशी आहेत, की बोलणे चकलीपासून निघाले तरी येऊन टेकते ते गुडघ्यापाशीच.

माझ्या वाट्याला तीन देश आले आहेत. मुलगा लंडनला, भाची न्यू जर्सीत आणि पुतण्या टोकियोत. मुलगा म्हणतो, "बाबा, इथं डॉक्टरकडे गेलं की खिशात हात घालावा लागत नाही." भाची म्हणते, "मामा, इथं जी यंत्रं आहेत ती जगात आधी इथंच येतात." पुतण्या मितभाषी. तो एवढेच सांगतो, "काका, इथं सकाळी दुखलं तर दुपारी डॉक्टर भेटतो, आणि फी साऱ्या देशात सारखी."

मग माझी पाळी येते. मीही काही कमी नाही. "पोरांनो," मी सांगतो, "माझ्या खोलीतून निघून वीस-पंचवीस मिनिटं चाललो, की परळला १९२६ सालचं केईएम आहे, लहान मुलांचं वाडिया आहे, १९४१ सालचं टाटा आहे, आणि प्लेगची लस करणाऱ्या हाफकिनच्या नावाची संस्था आहे. एवढं वैभव तुमच्या कोणाच्या दारात आहे, बोला!" तिकडून हसू येते, पण उत्तर येत नाही.

अशा शर्यतीत खरा निकाल लावायचा प्रयत्नही एकदा झाला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देशांचे नंबर लावले. फ्रान्स पहिला, जपान दहावा, ब्रिटन अठरावा, अमेरिका सदतिसावी आणि आपण एकशेबारावे. त्यावर एवढा वाद झाला, की संघटनेने पुन्हा असे नंबर लावले नाहीत. मलाही ते प्रगतिपुस्तक पटले नाही, आणि ते केवळ आपला नंबर खाली आला म्हणून नव्हे. आजारी माणूस सरासरीने आजारी पडत नाही; तो एकटा, स्वतःच्या अंगाने आजारी पडतो. त्याला दारात काय विचारतात, यावरून मी देश ओळखतो.

मला असे वाटते, की फुकट औषधपाणी जगात कुठेच नाही. प्रत्येक देश आपली फी घेतो; फक्त नाणे निराळे. इंग्लंड ती काळात घेते. तिथे पैसे नसतात, रांग असते. गुडघा बदलायचा ठरला, की यादीत नाव लागते, आणि २०२३ साली त्या देशातली ही यादी पंचाहत्तर लाखांच्या पुढे गेली होती. अमेरिका रोकडा पैसा घेते. १९६५ पासून पासष्टीच्या पुढच्यांना तिथे सरकारी विमा आहे, आणि १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रोग्याला पैशासाठी परत पाठवता येत नाही. पण बिल मागाहून टपालाने येते, आणि ते उघडताना भाचीचा हात थरथरतो. जपानमध्ये १९६१ पासून प्रत्येकाला विमा आहे. बहुतेकांना खर्चाचा तीस टक्के भाग स्वतः द्यावा लागतो.

आणि आपण? आपल्या सरकारी-महापालिकेच्या रुग्णालयांत पैसा थोडा लागतो. वेळ लागतो, पण इंग्लंडसारखी वर्षे नव्हेत. आपण फी घेतो ती माणसांत. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो : "बरोबर कोण आहे?"

या बरोबरच्या माणसाचे काम एकदा मोजून पाहावे. केसपेपर काढायला तो. रक्ताची नळी प्रयोगशाळेत पोहोचवायला तो. एक्स-रेचा कागद आणायला, बाहेरून औषध आणायला, ट्रॉलीला हात लावायला तोच. रात्री खाटेखाली चटई टाकून तो झोपतो, आणि सलाइन संपत आले की परिचारिकेला उठून सांगतो. तिच्या वाट्याला खाटाच इतक्या असतात, की हे डोळे तिला उसने घ्यावे लागतात. टाटामध्ये बंगाल-बिहारहून, आसामहून माणसे येतात. रोगी एक, बरोबर दोघे-तिघे. दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत ज्यांना जागा मिळते ते नशीबवान. बाकीचे परळच्या पदपथावर चूल मांडतात. गावी त्यांची पेरणी राहते, रोजगार बुडतो. हा खर्च कोणत्याही देशाच्या हिशेबवहीत दिसत नाही.

गिरणगावाला हे नाणे कधी कमी पडले नाही. कोकणातून आलेले पंधरा-वीस पुरुष एका गाळ्यात राहत. एकजण तापाने पडला, तर पहिल्या पाळीवाला दुपारी सुटून रुग्णालयात जाई, रातपाळीवाला सकाळी. जशी गिरणीला पाळी, तशी आजाऱ्याला पाळी. खाणावळवाली पेजेचा डबा भरून देई. मी गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. कामाच्या पाळ्या मी वहीत लिहीत असे. त्या दुसऱ्या पाळ्या कोणीच लिहीत नव्हते, आणि तरी त्या चुकत नसत.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. १९४८ साल पाहा. त्याच वर्षी आपल्याकडे कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी ५ जुलैला इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ती उभी करणारा मंत्री, अन्यूरिन बेव्हन, स्वतः वेल्समधल्या ट्रेडेगारचा खाणकामगार होता. त्याच्या गावात कामगार पगारातून थोडे थोडे पैसे काढून डॉक्टर ठेवीत. त्याने ती गावची सोय साऱ्या देशाला दिली. आपल्याकडे १९४६ सालच्या भोर समितीने हेच सुचवले होते, की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. पण प्रत्यक्षात आली ती सोय कार्ड असलेल्यांपुरती. १९५४ पासून मुंबईच्या गिरणी कामगाराला विम्याचा डॉक्टर मिळाला. परळला विम्याचे मोठे रुग्णालयही झाले.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. पुष्कळांना परत काम मिळालेच नाही. पगार गेला हे सर्वांना दिसले. पगाराबरोबर विम्याचे कार्डही गेले, हे घरात कोणी आजारी पडले तेव्हा कळले. नोकरीला बांधलेल्या विम्याची ही कल्पना मूळची जर्मनीची, १८८३ ची, बिस्मार्कच्या काळातली. पण तिथे आज नोकरी गेलेल्या माणसाचाही विमा चालू राहतो. दोर तोच, गाठ मारण्यात फरक.

बरोबरच्या माणसावाचून चालत नाही, असे कोणी म्हणेल तर ते मात्र खरे नाही. जपानमध्येही आजाऱ्याजवळ पैसे देऊन सोबतीण बसवण्याची चाल होती. १९९४ साली कायदा बदलून ती बंद करायचे ठरले, आणि ते काम रुग्णालयाच्या परिचारिकांकडे आले. एवढे लांब तरी कशाला जायचे? आमच्या केईएममध्ये परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर पुन्हा उठल्या नाहीत. १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना न्हाऊ घातले, भरवले, कूस बदलून दिली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सेवेचा गौरव केला. "बरोबर कोण आहे?" या प्रश्नाला एका रुग्णालयाने "आम्ही आहोत" असे उत्तर दिले होते. एकीसाठी जे मनाने झाले, ते सर्वांसाठी पगारी माणसे नेमून व्हावे, एवढेच माझे म्हणणे.

हे मी इतक्या तळमळीने लिहितो, त्याला कारण आहे. पत्नी जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात छातीत दुखू लागले म्हणून एका रुग्णालयात गेलो, तर खिडकीतून तोच प्रश्न आला. माझ्यामागे शेजारची सून उभी होती. ती म्हणाली, "मी आहे." कारकुनाने विचारले, "नाते?" ती म्हणाली, "शेजारी." कागदावर तसे नाते बसत नव्हते. त्याने क्षणभर आम्हा दोघांकडे पाहिले आणि लिहिले, "मुलगी." ती दोन रात्री बसली; आणि त्या दोन दिवसांचा तिचा पगार कापला गेला.

मुलगा म्हणतो, "बाबा, इकडंच या." पण पाहुणा म्हणून आलेल्याला तिथल्या रुग्णालयातही पैसे मोजावे लागतात, आणि म्हाताऱ्या आईबापांना कायमचे नेण्याचे नियम २०१२ पासून फार कडक झाले आहेत. शिवाय मी त्याला यंदा विचारले, "तिथं रात्री खाटेजवळ कोण असतं?" तो म्हणाला, "नर्स असते, बाबा. आपलं माणूस नसतं." त्याच्या आवाजावरून ते त्यालाही आवडत नसावे असे वाटले. मला दोन्ही हवे आहे : पगारी परिचारिका खात्रीने, आणि आपले माणूस प्रेमाने, सक्तीने नव्हे.

तोवर आमच्या चाळीने आपल्यापुरती एक सोय केली आहे. गणपतीच्या वर्गणीच्या वहीच्या मागल्या पानांवर आम्ही पाळ्या लावल्या आहेत : कोणी दाखल झाले, तर कोणत्या वारी कोण बसणार. मंगळवार आणि शुक्रवार माझे. जिने मला चढवत नाहीत. पण रांगेत जागा धरता येते, पिशवी सांभाळता येते, आणि जुनी कारकुनी असल्यामुळे अर्जही नीट भरता येतात. खोल्या अठ्ठावीस, नावे एकोणीस. चाळीच्या पुनर्विकासाचे कागद निघाले आहेत. नव्या इमारतीत कोण कितव्या मजल्यावर जाणार, याची चिठ्ठी निघायची आहे. ही वही कोणाकडे राहणार, तेही अजून ठरायचे आहे.