घासाघीस

दिवाळी चार दिवसांवर आली, की मराठी घरांत घासण्याची साथ पसरते. एरवी जी माणसे चष्म्याची काचदेखील सदऱ्याच्या टोकाने पुसून भागवतात, तीच माळ्यावरून समया, घंगाळे आणि तांब्ये खाली काढतात. चिंच येते, रांगोळी येते, नारळाच्या शेंड्या येतात. दोन तासांनी पितळेत तोंड दिसू लागले, की घासणाऱ्याच्या तोंडावरही तेच तेज चढते. काळे झालेले भांडे घासले आणि ते चकाकले, यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणीही म्हणेल. पण गेल्या वर्षी याच सुमारास एका मोटारगाडीच्या निमित्ताने मला एक संपूर्ण दिवस या घासण्याचाच विचार करावा लागला.

गाडी माझी नव्हे. शाळामास्तराची, आणि त्यातून कादंबरीकाराची, मोटार बहुधा त्याच्या कादंबरीतच धावते. ही गाडी आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची. गडद निळ्या रंगाची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने निघू लागलेली ही गाडी पुढे पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या देशाच्या ओळखीची झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली ती टॅक्सीही निवृत्त झाली. आप्पांनी आपली पद्मिनी १९८७ साली घेतली, आणि ते गेले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत रोज सकाळी सातला तिच्यावर फडके मारले. देवपूजेला एखादे वेळी उशीर होई, फडक्याला नाही. फडके म्हणजे जुन्या धोतराचा मऊसूत तुकडा. शिवाय दर दिवाळीला एक माणूस येई. डब्यातले रबिंग कंपाउंड वेस्टच्या बोळ्यावर घेऊन तो सारी गाडी गोल गोल घासून काढी आणि बक्षिसी घेऊन जाई. त्या संध्याकाळी आप्पा बॉनेटमध्ये पाहून मिशा सारखा करीत.

आप्पा गेले त्याला वर्ष होत आले होते. त्यांच्या मुलाने, माझ्या चुलतभावाने, पुण्याहून फोन केला. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ पद्मिनी घ्यायला तयार होते. “तेवढी पॉलिश करून घे, म्हणजे चार पैसे बरे येतील,” असे त्याने मला सांगितले. काकूजवळ मी ही गोष्ट काढली, तेव्हा ती काहीच बोलली नाही. ती पोह्यांत काही कमी असले तर बोलते, राजकारणावर बोलते, माझ्या कादंबऱ्यांवर तर फारच बोलते. ती गप्प बसली की घरातल्या माणसांनी जपून असावे.

सांगली-मिरज रस्त्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मोटारी पॉलिश करण्याचा कारखाना आहे. पाचवीत असताना त्याच्या वहीत अक्षरांपेक्षा शाईचे डाग अधिक असत. आता त्याच्या कारखान्यात बोट फिरवले तर धुळीचा कण लागत नाही. मी गाडी घेऊन निघालो, तर काकू चपला घालून उभीच होती. “मीही येते,” म्हणाली आणि नेहमीच्या जागेवर जाऊन बसली.

त्याने आधी गाडी नुसत्या पाण्याने धुतली, मग साबणाने धुतली, मग पत्र्यावरून चिकणमातीसारखी एक मऊ वडी ओल्या हाताने फिरवली. धुऊनही न गेलेले लोखंडाचे, डांबराचे कण ती वडी उचलून घेते. मग दिवे बंद करून त्याने बॉनेटवर बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाला, “गुरुजी, पाहा.”

झोताच्या भोवती हजारो बारीक रेघांची वलये उमटली होती. जणू कोळ्याने जाळे विणले आहे आणि त्याच्या मधोमध दिवा लावून ठेवला आहे. “आप्पांच्या त्या माणसाने गोल गोल घासले त्याचे हे फळ,” असे मी म्हणालो. तो हसला. त्याने बॅटरी एक हात बाजूला नेली. वलयेही तिच्याबरोबर सरकली. ओरखडे काही सरकत नाहीत, मग वलये कशी सरकली?

गंमत अशी आहे, की ओरखडे उभे, आडवे, तिरपे, सगळ्या दिशांनी असतात. पण एका दिव्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवतात ते फक्त त्या दिव्याभोवती आडवे पडलेले. बाकीचे त्या क्षणी दिसतच नाहीत. म्हणून दिवा जिथे जाईल तिथे त्याच्याभोवती वलय. स्टीलचे ताट उन्हात धरून पाहा, हाच प्रकार दिसेल. रस्त्यावरच्या दिव्याच्या अलीकडे पाने गळलेले झाड असले, तर साऱ्या फांद्या दिव्याभोवती गोल वळल्यासारख्या दिसतात, तेही याच कारणाने. तेव्हा गोल घासणाऱ्या त्या बिचाऱ्या माणसावरच सारा आळ घेण्याचे कारण नाही.

“मग हे ओरखडे आले कुठून?” काकूने विचारले.

“फडक्याने, आजी. कोरडे फडके.”

रात्रभर गाडीवर धूळ बसते. धूळ म्हणजे दगडाचा चुरा. तिच्यावर कोरडे फडके फिरवले, की फडके कितीही मऊ असो, त्याच्याखाली तो चुरा रंगावर ओढला जातो. जी गाडी कोणी पुसतच नाही ती मळते, उन्हाने विटते, पण तिच्यावर हे जाळे फारसे नसते. ज्या गाडीवर मालकाचा फार जीव, तिच्यावर ते सर्वांत दाट. काकूने हे ऐकले आणि पदराने उगाचच डोळ्यांवरचा चष्मा पुसला.

मग आला खरा प्रश्न. ओरखडा म्हणजे एक चर. रंगात पडलेला चर आपोआप भरून येत नाही. मेण लावले तर तो लपतो. ब्राझीलमधल्या एका जातीच्या ताडाच्या पानांवर कार्नाउबा नावाचे मेण धरते, ते मोटारीला फार मानवते म्हणतात. पण चार धुण्यांत मेण जाते आणि ओरखडा पुन्हा हजर होतो. तो घालवायचा तर एकच उपाय असतो. भोवतालचा सारा रंग चराच्या तळापर्यंत झिजवून खाली आणायचा. म्हणजे चकाकी आणली म्हणतात तेव्हा वरून काही लावलेले नसते, काहीतरी काढून टाकलेले असते.

न्यूटनने आपल्या ‘ऑप्टिक्स’ या १७०४ सालच्या ग्रंथात काचेच्या पॉलिशविषयी हेच सांगून ठेवले आहे. वाळूने किंवा पुटीने काच कितीही घासली, तरी ती खरोखर गुळगुळीत होत नाही. मोठे ओरखडे जाऊन त्यांच्या जागी लहान येतात, त्याहून लहान येतात, आणि शेवटी ते इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. त्या अवस्थेला आपण चकाकी म्हणतो. मुलांचे अक्षर घोटून घेण्यात मी वीस वर्षे घालवली आहेत, त्यामुळे हा सिद्धांत मला फारच पटला.

विद्यार्थ्याने रंगाची जाडी मोजायचे एक लहानसे यंत्र काढले. ते पत्र्याला टेकवले की आकडा दाखवते. आकडा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. आजकालच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक थर असतो, तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. पॉलिशवाल्याचा सारा व्यवहार तेवढ्यात चालतो. आप्पांच्या गाडीला तोही नव्हता. एकाच थराचा रंग, त्याखाली करडे अस्तर, त्याखाली पत्रा. टपावर सगळे मिळून एकशे वीस भरले, दारांवर एकशे दहा. बॉनेटवर सत्तर. आणि बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर त्याने यंत्र लावलेच नाही, नुसते बोट ठेवले. निळ्यातून करडे अस्तर डोकावत होते. तीसेक दिवाळ्यांच्या चकाकीची किंमत तिथे वसूल झाली होती.

“गुरुजी,” तो म्हणाला, “गाडी विकायची आहे की ठेवायची आहे?”

“त्याचा पॉलिशशी काय संबंध?”

“तेवढाच तर संबंध आहे. विकायची असली तर सगळे ओरखडे काढतो. फोटोत गाडी नवी दिसेल. पण बॉनेटवरचा दहा-पंधरा मायक्रॉन रंग जाईल, आणि मग पुन्हा यंत्र लावायची सोय राहणार नाही. पुढच्या माणसाला सगळा रंग खरवडून नवा द्यावा लागेल. ठेवायची असली, तर वरचे मळभ आणि बारीक जाळे तेवढे काढतो. दोन-तीन मायक्रॉनमध्ये भागते. खोल रेघा राहतील. पण रंग आप्पांच्या वेळचा राहील.”

मी काकूकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती गाडीभोवती फिरून आपल्या दाराशी आली आणि हँडलाखाली वाकून पाहू लागली. तिथे कमानीसारख्या पाच-सहा रेघा होत्या. विद्यार्थ्याने त्यांवरून नख फिरवले. नख अडकले. नख अडकते तो ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा, असा त्यांचा ठोकताळा आहे.

“या जायच्या नाहीत, आजी.”

“त्या माझ्या बांगड्यांच्या आहेत,” काकू म्हणाली. “त्यांना तू हात कशाला लावतोस? आणि हे बघ, ठेवायची असली तर कशी करतात म्हणालास? तशी कर.”

पुण्याला फोन मीच लावला. चुलतभाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बॅटरी जुनी झाली असेल. दिवाळीला येईन तेव्हा नवी घेऊन येतो.”

त्यानंतर काम सुरू झाले. कडांना, क्रोमच्या पट्ट्यांना आणि रबरांना कागदी चिकटपट्टी लागली, कारण कडेवर रंग सर्वांत पातळ असतो. मग दारावर दोन फूट चौरसाचा एक तुकडा निवडून त्याने सर्वांत सौम्य पॉलिश आणि सर्वांत मऊ स्पंज लावून पाहिला. तेवढ्याने भागले नाही तरच एक पायरी वर चढायचे, हा त्याचा नियम. आम्ही मास्तर लोक पुष्कळदा वरच्या पायरीवरूनच सुरुवात करतो! त्याचे यंत्र नुसते गरगर फिरत नाही, फिरता फिरता डुलतेही. त्यामुळे एकाच जागी घर्षण साठून रंग तापण्याचा धोका कमी होतो. यंत्र त्याने हातभर जागेत आधी उभे आणि मग आडवे, सावकाश फिरवले. स्पंजावर हळूहळू निळा रंग उतरू लागला. काकू म्हणाली, “अरे, रंग जातोय!” तो म्हणाला, “जायलाच हवा, आजी. किती जातो, एवढेच आपल्या हाती.”

तुकडा झाला की तो स्पिरिट मिसळलेल्या पाण्याने पुसून घेई. पॉलिशमध्ये तेल असते. ते ओरखड्यांत बसून राहते आणि काम झाल्याचा आभास निर्माण करते. ते पुसून टाकल्याशिवाय खरे काय ते कळत नाही. आपल्या कामाची अशी उलटतपासणी स्वतःच करणारा कारागीर पाहिला, की मला पाचवीतल्या त्या शाईच्या डागांचे काही वाटेनासे होते. काही कादंबऱ्या मी अशा वाचल्या आहेत, की लेखकाने वाक्ये घासून घासून खालचे अस्तर उघडे पाडले आहे. हा मुलगा त्यांचा संपादक असता, तर वेळीच यंत्र बंद करून म्हणाला असता, “पुरे, गुरुजी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी उन्हात आली. मळभ गेले होते. आप्पांचा तो खोल निळा रंग, पावसाळ्यानंतरच्या संध्याकाळी आभाळाला असतो तसा, पुन्हा वर आला होता. नीट पाहिले तर रेघा होत्या, बॉनेटच्या उंचवट्यावर करडी कडही होती. काकूने बॉनेटमध्ये पाहिले आणि म्हणाली, “कुंकू लावण्यापुरते दिसते. तेवढे पुष्कळ.”

निघताना त्याने तिला पथ्य सांगितले. कोरडे फडके बंद. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळायचे साधे पाणी. वरून खाली यावे. टिपायचे ते दाबून नव्हे, नुसते टेकवून. घासण्यापेक्षा धुणे बरे. हे मला माणसांच्या बाबतीतही खरे वाटते. आपल्या जवळच्यांवरची धूळ झटकण्याची आपल्याला रोज घाई असते, आणि ती घाई मायेपोटीच असते. थोडे पाणी आधी ओतावे, एवढेच.

मग पैशांची गोष्ट निघाली. त्याने आकडा सांगितला, काकूने त्याच्या निम्म्यावरून सुरुवात केली. तो म्हणाला, दीड दिवस राबलो. ती म्हणाली, अर्ध्या रेघा तर ठेवल्यास! अर्धा तास दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी तो थोडा खाली आला, ती बरीच वर गेली, आणि पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा निघाला. त्या घासाघिशीत मात्र कोणाचाच रंग उडाला नाही.